डावी बाजू प्रयोगाची

म्हैसूर, १४ जून

अण्णा,

लिहायचं लिहायचं म्हणत टाळत होते, ते आधीच सांगून टाकते. सुरुवातीला राग इतका होता की कागद फाटला असता. मग राग उतरला, तर वाटलं आता कशाला. मध्ये हंपीला जाऊन आले. तिथे एका माणसाच्या सायकली भाड्याने द्यायचं काम केलं. तिथून लिहीन म्हटलं, पण हंपीला जाऊन पत्र कोण लिहितं? आज गंगाधरराव काका मस्कतहून आले, तू पाठवलेली पिशवी टेबलावर ठेवून गेले, आणि राग पुन्हा आला. ताजा आहे तोवर लिहिते.

कागदावर का, तर उगादीच्या पाडव्याला मी तुला फोनवर 'चॉकलेट-बाप' म्हटलं आणि तू मला ब्लॉक केलंस. अप्पांच्या फोनवरून बोलायचं तर ते शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकतात. पत्ता काकांकडून घेतला. माझ्या चुका काढू नकोस. आपल्या घरात मराठी बोलतात सगळे, लिहितं कोण?

पिशवीत काय होतं ते तुला ठाऊक आहे. दाताला चिकटणाऱ्या टॉफ्या, आत कॅरामेल भरलेली ती सोनेरी कागदातली, आणि एक उंट, तोही चॉकलेटचा. तू दातांचा डॉक्टर आहेस, अण्णा! मी बी.एस्सी. अर्ध्यात सोडून गावं हिंडणारी, मलाही कळतं. तुझी पोर सात वर्षांची आहे. तुझ्या आधीच्या पिशव्यांतलं रोज एक चॉकलेट ती गालात धरून झोपते. चावत नाही, चावलं की संपतं. मी विचारलं तर नव्या म्हणाली, "बाबाचं आहे ना, आत्या. हळूहळू संपवायचं."

तू म्हणशील, आईने तोंडातून काढायचं. आई काढत नाही. मुलाने समुद्रापलीकडून पाठवलंय, ते म्हणे प्रसादासारखं. पोरीची स्वतःची आई इथे असती तर काढलं असतं. पण स्मृतीवहिनीचं नाव या घरात घेत नाहीत, म्हणून मीही घेत नाही. म्हणजे आत्ता घेतलं तेवढंच.

ओरडून मुलं ऐकत नाहीत, म्हणून मी गेल्या आठवड्यात प्रयोग करायचं ठरवलं. गोकर्णला एक बाई समुद्रावर पोरं गोळा करून असं शिकवायची. तिच्याकडे एक लंगडा कुत्रा होता, त्याचं नाव मिनिस्टर, कारण तो फक्त जेवणाच्या वेळी हजर. बरं, ते राहू दे. प्रयोगाला लागतं अंडं. मी अंडी आणली. हो, आपल्या घरात. आई नुकती न्हाऊन सोवळ्यात होती.

"अय्यो इरे! देवाच्या घरात कोंबडी आणलीस?"

"कोंबडी नाही आई, कवच. दातासारखं असतं ते."

"आणि कवचाच्या आत काय आहे, रवा?"

अप्पांनी पेपर खाली केला नाही. पेपरामागूनच म्हणाले, "अदु आगल्ला." हे व्हायचं नाही म्हणजे नाही.

शेवटी तोड आईनेच काढली. तुझ्या क्लिनिकात करा म्हणाली. "त्याला बाहेरून वेगळं दार आहे. ते घरात धरत नाही, तो रस्ताच." म्हणजे दहा वर्षं तू रस्त्यावर बसून दात काढत होतास, माहीत होतं का तुला?

कुलूप उघडलं. तुझी पाटी अजून आहे, वेळ संध्याकाळी पाच ते आठ. खुर्चीवर आईची जुनी चादर. नव्या थेट जाऊन खुर्चीत बसली आणि आ करून वाट बघत राहिली. कुणाची ते तूच समज.

एका ग्लासात पाणी, एकात व्हिनेगर. तिसऱ्या ग्लासातल्या अंड्याला आदल्या दिवशी अर्ध्या बाजूला टूथपेस्ट थापून ठेवली होती. ती धुतली आणि तेही व्हिनेगरात. उघड्या बाजूवर भराभरा बुडबुडे, पेस्टच्या बाजूला जरा कमी. जादू होत नाही, पण फरक दिसतो. दुसऱ्या दिवशी साध्या व्हिनेगरातल्या अंड्याचं कवच पार गेलं होतं, नुसती पिशवी. नव्याने बोटाने दाबून बघितलं. "दात मऊ झाला," म्हणाली. मग विचारलं, "खऱ्या दाताला किती दिवस लागतात, आत्या?"

मला काय आनंद झाला! म्हटलं, पोर हुशार आहे, माझ्यावर गेली.

चॉकलेट पाठवू नकोस. एवढंच सांगायला इतकं लिहिलं.

इरा


येलवाल, २४ ऑगस्ट

अण्णा,

पत्राला उत्तर म्हणून तू बॅटरीवर फिरणारा ब्रश पाठवलास. त्याच पाकिटात खाली टॉफ्या. तुला लाज नाही की विसर पडतो, ते एकदा ठरव.

मी सध्या येलवालला आहे. हुणसूर रोडवर एका शेतातल्या होमस्टेमध्ये काम धरलंय. बंगळूरचे लोक येतात, म्हशीबरोबर फोटो काढतात आणि म्हशीला घाबरतात. शनिवार-रविवार मात्र मी घरी असते, नव्यासाठी. तुझ्यासारखं 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणत नाही.

आई सुधारतेय, ऐक. मी नव्याला सांगत होते की तोंडात जंतू असतात, आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आंबट पाणी सोडतात, त्याने दात झिजतो. नव्याला जंतू पटेनात. "दिसत नाहीत तर आहेत कशावरून?" आई इडलीचं पीठ कालवत होती. मी म्हटलं, आई, थोडं पीठ दे. दोन वाट्या भरल्या. एकीत साखर घालून चुलीजवळ ठेवली, एक तशीच फ्रीजमध्ये. सकाळी साखरेची वाटी उतू जाऊन ओट्यावर आली होती. नव्याने बोट लावून चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

आई बघतच राहिली. "म्हणजे झोपताना तोंडात गोड ठेवलं की पीठ आंबत बसतं, असंच ना?"

"असंच."

"आणि सकाळपर्यंत उतू जातं."

"हो."

"मग हे त्या डॉक्टरला शिकवत नाहीत का गं?" हे तुझ्याबद्दल होतं. माझ्या आयुष्यात आईने तुझ्याविरुद्ध काढलेला हा पहिला शब्द, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

त्या दिवसापासून आईने पिशवी कपाटात वर ठेवली. तरी नव्याला कुठून मिळतं कळत नाही. उशीखाली सोनेरी कागद सापडतात.

आता आजचं. रविवार, तुझा व्हिडिओ कॉल. संध्याकाळी इकडे परतले, तोवर मी घरीच होते. मी दारामागे उभी राहून ऐकत होते, सांगते सरळ. नव्याने फोन तोंडाजवळ धरला आणि डावीकडची मागची दाढ दाखवली. तपकिरी झालीये, मधोमध खड्डा. तू किती वेळ बघितलंस? मागे तुझ्याकडे कुणीतरी बोलत होतं, तू त्याला हातानेच थांब म्हणालास आणि म्हणालास, "दुधाचा आहे, पडेल. दसऱ्याला येतोय ना मी, आपल्या खुर्चीत बसवून बघतो."

आणि नव्या नाचली. फोन ठेवून, फ्रॉक धरून, अंगणभर. दात किडला म्हणून नाचणारं मूल मी पहिल्यांदा बघितलं. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता. पण मी तुझ्यावर चिडण्यात गुंतले होते.

दसऱ्याला ये. आला नाहीस तर तुझ्या पाटीवर मी शेण फासेन. इथे शेण भरपूर आहे.

इरा


म्हैसूर, ९ ऑक्टोबर

अण्णा,

दसरा झाला. हत्ती गेले, दिवे उतरले. बाहुल्या पुन्हा पेटीत गेल्या. या वर्षी पट्टद राजा-राणीच्या लाकडी बाहुल्यांशेजारच्या पायरीवर नव्याने काड्यापेटीची खुर्ची करून एक बाहुली आडवी झोपवली होती आणि तिच्या डोक्याशी एक बाहुला उभा. बायका हळदीकुंकवाला आल्या तेव्हा तिने सगळ्यांना सांगितलं, हा बाबा, उद्या येणार. तू त्या उद्या 'रजा मिळाली नाही, डिसेंबरला नक्की' असा मेसेज टाकलास. अप्पांना. पोरीला नाही.

शेण फासलं नाही. पाटी पुसायचं काम नव्या करते, तिच्या देखत कसं फासू?

आता जे सांगते ते उभ्याने वाच. बसून वाचायची तुझी लायकी नाही.

गेल्या आठवड्यात नव्या जेवताना एकाच बाजूने चावत होती. मी तिला तुझ्या खुर्चीत बसवलं, बॅटरी घेतली. उजवीकडचे दात पांढरे स्वच्छ. डावीकडे पिवळा थर, आणि त्या दाढेत अख्खा वाटाणा मावेल एवढं भोक.

"नव्या, डावीकडे ब्रश पोचत नाही का गं?"

"पोचतो की. मी लावत नाही."

"का?"

"ती बाजू प्रयोगाची आहे."

"कसला प्रयोग?"

"अंड्याचा, आत्या! विसरलीस? अर्ध्याला पेस्ट, अर्ध्याला नाही. माझी उजवी पेस्टची. डावीकडे चॉकलेट ठेवते. मध्ये लवकर होत नव्हतं, तर लिंबू पण लावलं. खूप झोंबलं."

"आणि असं करून काय होणार?"

माझ्याकडे तिने बघितलं, जशी मी जरा मंद आहे. "दात मऊ होणार. मग बाबा येणार. वर्गात दुसऱ्या कुणाचा बाबा दाताचा डॉक्टर नाही. माझाच आहे."

कळलं? मी तिला दात वाचवायला शिकवलं, तिने त्यातून तुला बोलवायचा उपाय काढला. दर रविवारी तुला तोंड उघडून दाखवत होती ना, ते लाड नव्हते. निकाल दाखवत होती. आणि तू तिकडून म्हणालास, पडेल.

मी ओरडले नाही. खूप हसले आणि मग बाहेर जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर बसून रडले. शेजारचे वेंकोबा मामा भिंतीवरून विचारत होते, "एनम्मा, दात दुखतो का?" मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी अप्पांना देवळात पाठवलं आणि स्कूटरवरून नव्याला हेब्बाळला नेलं. कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत. तिथे डॉ. वनजा म्हणून आहेत, साध्या, दोन खुर्च्यांचा दवाखाना. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं, मग मला बाजूला घेतलं. अण्णा, तो दुधाचा दात नाही. सहा-सात वर्षांच्या वयात दुधाच्या दाढांच्या मागे येते ती कायमची दाढ आहे. कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरच्यांना दुधाची वाटते. घरच्यांना! डॉक्टरांना नाही वाटत. त्यांनी विचारलंसुद्धा, "आधी कुणाला दाखवलं होतं का?" मी काय सांगू? म्हटलं, एका दातांच्या डॉक्टरांना, फोनवर. त्यांनी वहीत तेवढंच लिहून घेतलं. चांगल्या आहेत.

आत्ता उपचार केले तर दाढ वाचेल म्हणाल्या. उशीर झाला तर काढावी लागेल, आणि ती पुन्हा उगवत नाही. भूल देऊन दोन-तीन वेळा बसवावं लागेल, त्यासाठी आई किंवा वडिलांची संमती पाहिजे. आत्या चालत नाही. दोघांपैकी एकजण, म्हणाल्या.

घरी येऊन मी अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांचं उत्तर ऐक. "घरात दातांचा डॉक्टर असताना पोरीला परक्या खुर्चीत बसवायचं? बाहेर पाटी कुणाची आहे? उद्या गल्लीत काय म्हणतील, श्रीनिधीच्या पोरीचे दात दुसऱ्याने दुरुस्त केले?"

"अप्पा, दाढ जाईल."

"तो म्हणालाय दुधाची आहे. तू बी.एस्सी. पुरी केलीस का? तो पाच वर्षं शिकलाय."

त्यांचा मुलावर एवढा विश्वास आहे. म्हणून तुझा राग दुप्पट येतो. त्यांना खोटं पाडायला मला जीव होत नाही आणि तुला खरं बोलायला तोंड होत नाही.

तू त्यांना एक फोन कर. 'वनजा डॉक्टरांकडे न्या, माझी संमती आहे, मी चुकलो.' शेवटचे दोन शब्द गाळलेस तरी चालतील.

आणखी एक. काल आईने भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, मला एक गोष्ट सांगितली. मी हिमाचलात भटकत होते तेव्हाची. वहिनी दर शनिवारी शाळेत शिकवून झालं की के. आर. नगरहून बसने यायची म्हणे. तू मस्कतहून अप्पांना सांगितलंस, पोरीचं चित्त विचलित होतं, तिला आत घेऊ नका. अप्पांनी तिला गेटवरूनच परत पाठवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आई खिडकीत उभी राहायची आणि नव्याला मागच्या अंगणात फुलं तोडायला धाडायची. शेवटी वहिनी यायची थांबली. आणि मला तू काय सांगितलंस? ती पोरीला टाकून गेली. टाकून गेलेली बाई दर शनिवारी तिकीट काढून येते का रे? मी तीन वर्षं ते खरं धरून बसले होते. वहिनीला मी साधा फोन केला नाही. 

तिला भांडायचं होतं तर भांडू द्यायचं होतंस. मस्कतला यायचं नाही, माझी नोकरी इथे आहे, एवढंच ती म्हणाली होती ना? त्याची शिक्षा तू तिला दिलीस, आणि ती भोगतेय ही पोर, डाव्या बाजूने.

फोन कर.

इरा


म्हैसूर, १८ ऑक्टोबर, शनिवार

तू फोन केलास. मला नाही, अप्पांना. पत्र पोचलं की काकांनी काही सांगितलं, देव जाणे. काय म्हणालास ते अप्पांनी आम्हाला वाचून दाखवल्यासारखं सांगितलं: "इराचं डोकं भडक आहे. हेब्बाळचे डॉक्टर उगाच घाबरवतात. डिसेंबरला मी बघतो."

डिसेंबर. नव्याचा डावा गाल परवापासून सुजलाय. ताप आहे. वनजा डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, सूज जरा उतरली, पण त्या चिडल्या. म्हणाल्या, सोमवारी आणा, संमतीसकट आणा, नाहीतर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, मग दाढेचा विषयच राहणार नाही. मी म्हटलं, मीच सही करते, आई म्हणून. त्या म्हणाल्या, इरा, असं करायचं नसतं.

नव्या पडून आहे, तुझ्या खुर्चीत. पलंगावर झोपायला तयार नाही. मी पाठीमागची पट्टी खाली करून दिली, तुझी ती यंत्रणा अजून चालते. सकाळी मला हळूच विचारत होती, "आत्या, आता पुरेसं झालं ना? आता फोटो पाठव बाबाला."

मी फोटो काढलेला नाही. तुला बघायचं असेल तर येऊन बघ.

हे सगळं मी क्लिनिकच्या पायरीवर बसून लिहितेय. अप्पा व्हरांड्यात, पेपर उलटा धरलाय, बघितलं मी. आई सकाळपासून विचित्र वागतेय. दोन वेळा शेजारी वेंकोबा मामांकडे गेली, त्यांच्या फोनवरून बोलून आली. आपला फोन आहे की! विचारलं तर "सुम्मने," म्हणाली, उगीच. मग स्वयंपाकाला लागली. चिंचेची हुळी, भात, आणि खरवस. खरवस आपल्याकडे कुणाला आवडतो सांग? मला नाही, तुला नाही, अप्पांना पोट बिघडतं.

थांब. गेट वाजलं.

मला वाटलं तूच. खरंच वाटलं, अण्णा, आणि क्षणभर सगळा राग कुठे गेला कळलं नाही. मी उठले तर

वहिनी आहे. स्मृतीवहिनी. हातात शाळेची पर्स, पदर घामाने भिजलेला, के. आर. नगरची बस दुपारी अशी तापलेली असते. गेटच्या बाहेरच उभी आहे. सवय लागलीय तिला, आत येत नाही.

अप्पा उठले. "श्रीनिधीला विचारल्याशिवाय—"

आई हात पुसत बाहेर आली. "त्याला विचारून विचारून पोरीचं तोंड सुजलं. गेट उघडा. डॉक्टर म्हणाल्या दोघांपैकी एक. एकाला बोलावून बघितलं, आला नाही."

अप्पा उभे. मग त्यांनीच कडी काढली. कडी काढताना वहिनीकडे बघितलं नाही, पण काढली.

वहिनी क्लिनिकच्या बाहेरच्या दाराकडे वळली, तर आई म्हणाली, "तिकडून नाही. तो रस्ता आहे. घरातून ये."

आता ती आत आहे. मी दारातून बघतेय आणि भिंतीला कागद टेकवून लिहितेय, अक्षर आणखी बिघडलंय. नव्या जागी झाली. तिने आधी वहिनीच्या मागे बघितलं, आणखी कुणी येतंय का. मग वहिनीकडे.

"तू दाताची डॉक्टर नाहीस ना?"

"नाही गं."

"मग कशाला आलीस?"

"तुझा दात दुखतोय म्हणून."

 नव्या खुर्चीत एका बाजूला सरकली, वहिनीला बसायला जागा केली.